पायाखालचे दीड इंच

बदली झालेला मनुष्य स्वतःबरोबर काय काय घेऊन जातो, याची कुणीतरी एकदा यादी करावयास हवी. आमच्या कार्यालयातील एका गृहस्थांनी जबलपुरास येताना रत्नागिरीहून पाटा-वरवंटा आणला. दुसऱ्या एकांनी तुळस आणली, तीही कुंडीतील मातीसकट. इकडच्या मातीवर त्यांचा विश्वास नव्हता. मी वडिलांची मोटार आणली.

मोटार म्हणजे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी असले, तरी मिरजेत आमच्या आळीत तिला कुणी त्या नावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही, ती ‘फियाट’च. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडविली. शतक पालटता पालटता तिचे उत्पादन थांबले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतील तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही सेवानिवृत्त झाली. २०२१ च्या सरकारी नियमानुसार मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणवून घेण्यास पन्नास वर्षे पुरी व्हावी लागतात. तेव्हा माझ्या गाडीच्या पदोन्नतीला अजून अवकाश आहे. तूर्त ती केवळ जुनी आहे. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान.

अण्णांनी ती १९९४ साली एका डॉक्टरांकडून घेतली. शाळामास्तराने मोटार घ्यावी, ही तेव्हा आळीत थोडी चेष्टेचीच गोष्ट झाली होती. पुढे अठ्ठावीस वर्षे त्यांनी ती चालविली, दुसऱ्या कुणाच्या हाती फारशी दिली नाही, आणि मला तर मुळीच शिकविली नाही. मी मोटार शिकलो ती एका प्रशिक्षण-शाळेच्या गाडीवर, पैसे भरून. मग एके दिवशी पहाटे अण्णांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. बोलणे पुन्हा सावरले, हातही बराचसा सावरला. पायाला मात्र काठी लागली ती लागलीच. मला जबलपूरचा हुकूम आला, त्याच महिन्यात त्यांनी जेवणाच्या पाटाशी किल्ली आणून ठेवली. “ने ती. इथं उभी राहून कुजेल,” एवढेच म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

ना-हरकत पत्र, नवी नोंदणी, कर, तंदुरुस्तीचा दाखला या सोपस्कारांचे वर्णन करून मी वाचकांना छळणार नाही. आपण सारे त्याच गावचे रहिवासी आहोत.

गाडी चालवू लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून दाबला, तर पहिले दीड इंच काहीच घडत नसे. पाय खाली जाई, इंजिन आपल्याच नादात गुणगुणत राही, आणि मग एकाएकी कुणी झोपेतून दचकून उठावे तशी गाडी पुढे होई. बायको म्हणाली, “तुम्ही चालवता तेव्हा मान दुखते.” अण्णा चालवीत तेव्हा कुणाची मान दुखल्याचे मी ऐकले नव्हते.

हे यंत्र चालते कसे ते थोडक्यात सांगतो. ज्यांना ठाऊक असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडून जावे. कार्ब्युरेटरच्या गळ्याच्या तळाशी एक पितळी चकती असते. ती आडवी असली की वाट मिटते, उभी झाली की वाट मोकळी होते. इंजिन जितकी हवा ओढील, तितक्या प्रमाणात पेट्रोल त्या हवेबरोबर आत जाते. म्हणून ही चकती किती उघडावी, एवढा एकच निर्णय चालकाच्या हाती, किंबहुना पायी, असतो. परंतु पाय एका खोलीत आणि चकती दुसऱ्या. मध्ये पत्र्याची भिंत. म्हणून पेडलापासून चकतीपर्यंत सळ्या आणि तरफा यांची एक साखळी नेलेली असते. सळीच्या टोकाला वाटी, तरफेच्या टोकाला गोळी. गोळी वाटीत बसते आणि तिथल्या तिथे फिरते. नव्या गाडीत ही वाटी गोळीला अंगाबरोबर धरून असते. चाळीस वर्षांत तेल वाळते, धूळ बसते, वाटी झिजून लांबट होते. एका सांध्यातली ढिलाई मोहरीएवढीच असते. पण चार सांध्यांची मिळून, आणि तरफांच्या हिशेबाने वाढत वाढत, पायापाशी ती दीड इंच होऊन उभी राहते.

कार्यालयात आयुष्य काढणाऱ्यास याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. साहेबांनी वरून दाबावे, आणि तो दाब चार टेबलांवरून फिरत फिरत खाली पोहोचावा. प्रत्येक टेबलावर तो मोहरीएवढा मुरावा, आणि साहेबांना वाटावे की खाली सारे झोपले आहेत. मी स्वतः त्या साखळीतील तिसरी सळी आहे. मला दोन्ही टोकांना वाट्या आहेत. हल्लीच्या मोटारींत म्हणे पेडलाखाली नुसती विजेची तार असते आणि मधल्या साऱ्या मंडळींना कमी करण्यात आले आहे. हे वाचले तेव्हा मला त्या मोटारींविषयी फारसा आदर वाटला नाही.

तथापि कारकुनाच्या मनाला रिकामी जागा सहन होत नाही. रकाना आहे तर तो भरला पाहिजे. जानेवारीतल्या एका रविवारी मी दोन पाने आणि एक जुने धोतर घेऊन बॉनेटखाली शिरलो. सळीच्या टोकांना आटे असतात. वाटी फिरवली की सळी लांब किंवा आखूड होते. मी ती लांबवीत गेलो, पुन्हा पुन्हा पेडल दाबून पाहत गेलो, आणि दुपारपर्यंत ते दीड इंच नाहीसे करून टाकले. पायाचे नुसते बोट टेकले तरी इंजिन उत्तर देऊ लागले. अण्णांना अठ्ठावीस वर्षांत जे जमले नाही ते मी एका रविवारी केले, असा एक क्षुद्र विचार माझ्या मनात येऊन गेला, हे कबूल केले पाहिजे.

यंत्राने मला एक सूचना दिली होती. गाडी उभी असताना इंजिन पूर्वीपेक्षा जरा जलद चालू लागले. त्यासाठी कार्ब्युरेटरवर एक छोटा स्क्रू असतो. मेकॅनिक त्याला ‘स्लो स्क्रू’ म्हणतात. पाय काढल्यावर चकती पुरी मिटू नये, इंजिन बंद पडू नये, म्हणून ती या स्क्रूच्या टोकावर टेकून राहते. मी तो स्क्रू अर्धा फेरा सैल केला. काही फरक पडला नाही. आणखी एक फेरा सैल केला. तरीही नाही. स्क्रूच झिजला असला पाहिजे, असा शेरा मी मनातल्या मनात मारला आणि प्रकरण बंद केले. वास्तविक स्क्रू ठणठणीत होता. चकती त्याच्यावर टेकतच नव्हती. माझ्या सळीने तिला वरच्या वर अडवून धरले होते.

दोन आठवड्यांनी आम्ही भेडाघाटास निघालो: मी, बायको, आणि मागच्या आसनावर सहा वर्षांची आमची कन्या. वाटेत तेवर लागते. प्राचीन त्रिपुरी ती हीच. १९३९ चे काँग्रेस-अधिवेशन तिच्याच नावाने इतिहासात गेले. ही माहिती मी मागच्या आसनाकडे किंचित वळून सांगत होतो. पुढे उसाची मोळी घेतलेला एक ट्रॅक्टर होता. त्याला मागे टाकावे म्हणून मी पेडल तळापर्यंत दाबले. ट्रॅक्टर मागे पडला. मी पाय उचलला.

इंजिनाने पाय उचलल्याची दखल घेतली नाही.

तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. १,०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन म्हणजे काही मोठा राक्षस नव्हे. पण मालकाचे न ऐकणारे कुठलेही यंत्र त्या घटकेला प्रचंडच असते. मी ब्रेक दाबला, गाडी त्याच्याशी झगडत पुढे जात राहिली. घाबरून क्लच दाबला, तर बंधनातून सुटलेले इंजिन अशा स्वरात किंचाळू लागले, की बायकोने कानांवर हात ठेवले. रस्त्याच्या कडेला हिवाळ्यातल्या मटाराची हातगाडी होती. जबलपूरचा मटार प्रसिद्ध आहे. त्या हिरव्या ढिगामागे एक म्हातारी वजन करीत वाकली होती, आणि ती वर पाहतच नव्हती. किल्ली फिरवावी हे मला केव्हा सुचले ते सांगता येत नाही. माझ्या गाडीच्या ब्रेकला व सुकाणूला इंजिनाची मदत लागत नाही, म्हणून इंजिन मेले तरी ती दोन्ही माझ्या हाती राहिली. हातगाडीपासून दोन हातांवर आम्ही थांबलो. म्हातारीने आता वर पाहिले आणि भाव सांगितला.

आम्ही पाच किलो मटार घेतला. तो सोलताना त्या रात्री आमच्या घरात कुणी फारसे बोलले नाही.

रांझीच्या बाजूला एक उस्ताद राहतात. येथील वाहन-निर्माणीत त्यांची सारी नोकरी गेली. ‘जोंगा’ नावाची लष्करी गाडी तिथे बनत असे. तिच्या कार्ब्युरेटरवर त्यांचा हात बसलेला. आता पंचाहत्तरीला आले आहेत. त्यांनी माझी गाडी पाहिली, मला काहीही विचारले नाही, आणि पेडल एकदा तळापर्यंत दाबून सोडले. ते वर आले नाही. मग त्यांनी मला बोलावून बॉनेटखाली दाखविले: लांबविलेल्या सळीने तरफेला तिच्या शेवटच्या खुंटीवर नेऊन दाबले होते, पेडल मात्र अजून खाली जाऊ पाहत होते, तो उरलेला सारा जोर बिचाऱ्या सांध्यावर येऊन गोळी वाटीच्या काठावर चढली होती आणि तिथेच तिरकी अडकली होती. तिला मागे ओढण्याचे काम ज्या स्प्रिंगचे, ती इतकी थकलेली होती की बोटाने ताणली तर परत येण्याची तिला घाई नव्हती.

“बाबूजी,” ते म्हणाले, “इसको साँस लेने की जगह तो छोड़ी होती.”

त्यांची पद्धत मी शेजारी उभा राहून पाहिली आणि घरी येऊन वहीत उतरवून ठेवली. प्रथम त्यांनी सळी कार्ब्युरेटरपासून सोडवून बाजूला केली. इंजिन गरम होऊ दिले, आणि मग स्लो स्क्रूने त्याची संथ चाल ठरविली. साखळीचा हात लागलेला नसताना चकती कुठे विसावते, ते आधी ठरले पाहिजे. नंतर सळीची लांबी अशी केली, की वाटी गोळीवर आपण होऊन बसावी; बसविताना तरफ जागची हलली तर लांबी चुकली. एवढ्यावर न थांबता त्यांनी आटा अर्धा फेरा उलटा फिरविला. तरफ आणि सळी यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहिली. या फटीचे कारण असे, की इंजिन रबरी पायांवर उभे असते. ते डोलते, कलते, तापल्यावर जागा बदलते. पेडल मात्र गाडीच्या अंगाला जखडलेले. दोघांमध्ये फट नसेल, तर इंजिनाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर चकती आपोआप उघडझाप करते; चालक म्हणतो मी पाय हलविला नाही, आणि तो खोटे बोलत नसतो. आमच्या गाडीचे ते रबरही पिचलेले निघाले.

शेवटी पूर्ण दाब. उस्ताद बॉनेटपाशी राहिले, मी आत बसून पेडल दाबले. तरफ खुंटीपर्यंत पोहोचेना. त्यांनी मला पायांखालचा काथ्याचा पायपोस काढावयास लावला. इतकी वर्षे पेडल त्या पायपोसावरच टेकत आले होते. मग तरफ पोहोचली, आणि आता ती पलीकडे रेटली जाऊ नये म्हणून त्यांनी पेडलाखाली रबराचा एक ठोकळा बसविला. चकती पुरी उघडते त्याच क्षणी पाय ठोकळ्यावर टेकला पाहिजे. आधी टेकला तर दम कमी, मागाहून टेकला तर सांधा मोडतो.

वाट्या मात्र बदलणे भाग होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून माझ्या मावसभावाने चार वाट्या, दोन स्प्रिंगा आणि रबरे धाडली. ज्या गावी गाडी जन्मली तिथलेच अवयव टपालाने आले, याची मला उगीच मौज वाटली. ती बसविल्यावर दीड इंचातले सव्वा इंचाहून अधिक गेले. ती झीज होती. उरलेले होते ते मुळातच हवे होते. मी मात्र दोहोंना एकाच कलमाखाली घालून एकदम रद्द केले होते.

त्या रात्री अण्णांना फोन केला. झालेला प्रकार सांगावयाचा नाही, असे ठरवून केला.

“पेडलची ढिलाई काढली,” मी म्हणालो. “वाट्या नव्या टाकल्या.”

“स्लो स्क्रू लागतो का?” त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला.

मी गप्प झालो. मग म्हणालो, “आता लागतो.”

पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. “मीही एकदा ती सगळी ओढून घेतली होती,” ते म्हणाले. “तू चौथीत होतास. दंडोबाच्या चढावर अडकली. तेव्हापासून हात लावला नाही. पावलाला सवय करून घेतली.” आणि पुन्हा थांबून, “कोणी होतं का बरोबर?”

“नाही. एकटाच होतो.”

बायको समोरच बसली होती. ती उठून आत गेली.

मला राहून राहून वाटते, की हे त्यांनी मला किल्ली देतानाच सांगावयास हवे होते. परंतु मीही कधी त्यांना काही विचारले होते असे नाही. आमच्या दोघांच्या मध्ये बोलण्याची जी साखळी होती, तिच्यात आई होती तोवर तीच सर्व सांध्यांना तेल घालीत असे.

उस्तादांनी घालून दिलेला नेम मी तेव्हापासून पाळतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्व सांधे चिंधीने कोरडे पुसावयाचे, मग प्रत्येकावर इंजिनतेलाचा एकच थेंब. अधिक घातले तर ते धूळ धरते आणि तीच धूळ कानशीसारखी वाटीला खाते. स्प्रिंग पाहावयाची. पेडल जिथून सोडावे तिथून ते आपले आपण वर येते की नाही ते पाहावयाचे. आणि शेवटी एकाने आत बसून तळापर्यंत दाबावयाचे, दुसऱ्याने विजेरी घेऊन तरफ खुंटीला लागते का ते बघावयाचे. हे दाबण्याचे काम बायको करते, आणि करताना स्वयंपाकघरात काय शिजते आहे याची वार्ता देत राहते.

फेब्रुवारीच्या अखेरीस अण्णा जबलपुरास आले. रेल्वेचा प्रवास त्यांना झेपेल की नाही याची चिंता होती, तो झेपला. दुसऱ्या दिवशी आमच्या कन्येने चहाच्या वेळी त्यांना साद्यंत हकीकत सांगितली: गाडी कशी ओरडली, आईने कान कसे झाकले, मटारवाली आजी. अण्णांनी ती सारी ऐकून घेतली. माझ्याकडे पाहिले नाही. “मटार गोड होता का?” एवढे तिला विचारले.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. मी चिंधी आणि तेलाची कुपी घेऊन बाहेर आलो, तो अण्णा आधीच दार उघडून चालकाच्या जागी बसलेले. काठी शेजारच्या आसनावर ठेवली होती. सुकाणूखालच्या गिअरच्या दांड्यावर त्यांचा डावा हात सहज जाऊन पडला होता.

“बघ तू. मी दाबतो,” ते म्हणाले.

मी सांधे पुसले, तेल घातले, बॉनेटखाली वाकून विजेरी लावली. “दाबा, अण्णा.”

तरफ हलली, उचलली गेली, निम्म्यापुढे आली आणि थांबली. तिचे टोक आणि खुंटी यांच्यामध्ये बोटभर अंतर होते.

“पूर्ण दाबलंत का?”

“दाबलंय की.”

पायपोस पेडलाखाली आला असेल, असे मनात आले. पण तो मी काढून टाकल्याला महिना होऊन गेला होता. आटा सैल झाला असावा, म्हणून पाना उचलला. तो सळीला लावता लावता मी बॉनेटच्या बाजूने मान काढून आत पाहिले. अण्णा दोन्ही हातांनी सुकाणू धरून, पाठ आसनाला रेटून बसले होते. कपाळावरची शीर फुगली होती. उजवा गुडघा थरथरत होता, आणि ते समोरच्या काचेतून, जणू रस्त्यावरच असल्यासारखे, सरळ पुढे पाहत होते.

मी पुन्हा वाकलो. विजेरीच्या उजेडात ते बोटभर अंतर तसेच होते.

“काय रे, लागतंय का?”

“लागतंय,” मी म्हणालो, आणि पाना चिंधीत गुंडाळून खिशात ठेवला.